चेंडू जेवेना, म्हणून आईही जेवेना

मागच्या महिन्यात औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात मेथी घेता घेता आईला चक्कर आली. भाजीवालीनं तिला पोत्यावर बसवलं, पाणी पाजलं आणि आईच्याच फोनवरून मला फोन लावला... मी बँकेतून तशीच स्कूटी काढून पळाले.

आईला शुगर आहे. मी बँकेतून घरी पोचले की "माझं झालं जेवण" म्हणून ती रोज मला फसवत होती, हे तिथं पोत्याजवळ उभं राहून कळलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तो उपाशी अन् मी जेवू व्हय?"

तो म्हणजे चेंडू. आमच्या घरातला साप.

घाबरू नका... बॉल पायथन नावाची परदेशी, बिनविषारी जात आहे. बिचकला की अंगाचा गोळा करून डोकं मधे लपवतो, म्हणून चेंडू. माझी मैत्रीण जर्मनीला गेली आणि जाताना त्याला कागदपत्रांसकट माझ्या हवाली करून गेली. "तुझ्याइतकं कुणी सांभाळणार नाही," म्हणाली. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आमच्या शाकाहारी घरात अंडंसुद्धा गॅलरीत उकडावं लागतं, आणि मी गॅलरीतल्या छोट्या फ्रीजरमधून गोठवलेले उंदीर काढून गरम पाण्यात कोमट करत होते. चिमट्यात धरून समोर हलवायचा, त्यानं तोंड फिरवायचं, मी फेकून द्यायचा...

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, नव्या जागी असं होतं, लपायला जागा द्या, निवांत राहू द्या. काचेच्या पेटीत काठ फुटलेलं मडकं पालथं घातलं, खाली उबेचा पॅड लावला. छोटा उंदीर, मोठा उंदीर, अंधार, उजेड, सगळं करून झालं. त्याच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला.

मैत्रिणीचा मेसेज यायचा, "जेवला का?" मी तो उघडायचेच नाही.

खरं सांगते, मी पार खचले होते. एवढासा जीव आपल्या भरवशावर आणून ठेवलाय आणि तो आपल्या डोळ्यांदेखत वाळत चाललाय... आणि साप जेवत नाही म्हणून रडू येतंय, हे सांगायचं तरी कुणाला?

त्यात आता आई. त्या संध्याकाळी तिला बळंच वाढलं, तर दोन घास खाऊन तिनं ताट सरकवलं. मी चिडले, नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिच्यावर नजर ठेवायला घरीच थांबले. आणि तेव्हा दिसलं.

देवपूजा आटोपून आई पेटीपाशी आली. झाकण काढलं, मडकं उचलून बाजूला ठेवलं, धूप घातला, काचेला हळदीकुंकू लावलं. शेजारच्या काकू जास्वंद घेऊन दर्शनाला हजर. चेंडू उघड्यावर, धुरात, स्वतःला आवळून बसलेला.

"रोज करते मी, तू गेल्यावर," आई म्हणाली. "उपाशी जिवाला कुणीतरी आहे, एवढं तरी कळाया पायजे की नाय?"

मला ओरडायचं होतं, पण ओरडता आलं नाही. मामा, आईचा एकुलता एक भाऊ, आजारपणात शेवटी शेवटी तिच्या हातचा घाससुद्धा घेत नव्हता. तो गेल्यावरही तिनं नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा भावाचा उपवास सोडला नाही. "आता नागोबाच माझा भाऊ," म्हणायची. तो भाऊ घरी चालून आला होता, आणि तोही जेवत नव्हता.

काकू गेल्यावर मी सांगितलं. आई, तो बिचकतो गं. धुरानं त्याला त्रास होतो, मडकं उचललं की तो घाबरतो.

तिनं मडकं उचलून परत पेटीत पालथं घातलं. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळंच उपाशी राह्यला तो." मला 'नाही' म्हणता आलं नाही. म्हणायला हवं होतं, असं आजही वाटतं.

आईनं उठून ओल्या फडक्यानं काच पुसली. कपाटातून मामानं शेवटच्या भाऊबीजेला दिलेली साडी काढली आणि सगळ्या पेटीवर पांघरली. काकूंना दारातूनच सांगितलं, नागोबा आराम करतोय.

उपवास मात्र सोडेना. फार विनवल्यावर रात्री दुधात भाकरी कुस्करून खायचं तेवढं कबूल केलं. पुढच्या खेपेलाही उंदीर जसाच्या तसा राहिला, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हतो.

काल दिवेलागणीला परत एक उंदीर कोमट करून मडक्याच्या फुटलेल्या काठाशी ठेवला आणि साडी सारखी केली. आई स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. पुढं आली नाही, हात तेवढे जोडले.

बऱ्याच वेळानं मी साडीचा कोपरा उचलला... उंदीर नव्हता. मडक्याबाहेर शेपटीकडचा भाग दिसत होता, आणि त्याच्या जरा वर अंग चांगलं फुगलेलं.

आईनं लांबूनच वाकून पाहिलं. आत जाऊन स्वतःचं ताट घेतलं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "वाढ."

माया करायची म्हणजे कधी कधी लांब थांबायचं, हे मी चेंडूकडून नाही, आईकडून शिकले. तिला ते किती जड गेलं, तेही पाहिलं.

ती मेथी-भाकरी खात असताना मी मैत्रिणीचा मेसेज उघडला. "जेवला का?"

लिहिलं, "दोघंही जेवली."