तीनशे हेफ्नरची बत्ती

आमचा मामा सोसायटीचा चेअरमन होता आणि मी बी.एस्सी. झालेली त्याची एकुलती भाची. गावात कुणी आलं की तो मला हाक मारायचा, "ए पोरी, जरा विंग्रजीत बोलून दाखीव." मीही दाखवायची. मूर्खपणाच तो, पण तेव्हा फार गोड वाटायचं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावात हाताला काम नाही, म्हणून पाटोद्यापासून शिरूरपर्यंत जो तो ऊसतोडीला निघालेला. कुणाला टोळीत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे मामा ठरवायचा. त्या साली कारखान्यानं अट घातली, की तोडणी भल्या पहाटे सुरू होते, तर टोळीला दिलेली प्रत्येक गॅसबत्ती किमान अडीचशे मेणबत्त्यांच्या उजेडाची असली पाहिजे. मामानं कुठल्याशा निजामाच्या काळातल्या गोदामातून जुन्या जर्मन बत्त्या उचलून आणल्या. टाकीवर उमटवलेलं होतं, तीनशे एचके.

"हे एचके काय हाय गं?" त्यानं मला विचारलं.

माझ्याकडे कॉलेजातलं एक फाटकं पुस्तक होतं. त्यात उजेडाच्या जुन्या मापांचा तक्ता. इंग्रजांची मेणबत्ती देवमाशाच्या चरबीची. फ्रेंचांचा कार्सेल म्हणजे तेलाचा दिवा, तसल्या साडेनऊ मेणबत्त्यांएवढा. आणि जर्मनांचा हेफ्नर, मेणबत्तीच्या नऊ दशांश; टाकीवरचं एचके ते हेच. जगानं ही मापं कधीच टाकून दिली होती, आमच्या नशिबी मात्र ती गोदामातून आली! मी गुणाकार केला. तीनशे हेफ्नर म्हणजे दोनशे सत्तर मेणबत्त्या. अटीत बसत होतं.

पण छाप्यावर माझा भरवसा नव्हता. बत्त्या गंजलेल्या, पंप मारला तरी हवा धरीनात. आणि त्यांच्या उजेडात कोयता चालवणार होते माझे अण्णा. माझे वडील. म्हणून मी म्हटलं, मोजून बघू.

भर दुपारी सोसायटीच्या गोदामाचं दार लावून फटींना गोणपाट लावलं. एका टोकाला शाळेतली कोरी तीनशे मेणबत्त्यांची बत्ती, दुसऱ्या टोकाला मामाची. मध्ये तेलाचा ठिपका पाडलेला कागद. दोन्हींकडून सारखा उजेड पडला की ठिपका दिसेनासा होतो. कागद धरून अण्णा हळूहळू सरकत होते, घामानं निथळलेले. ठिपका गेला तेव्हा ते नव्या बत्तीपासून आठ हातांवर होते आणि जुनीपासून चार. निम्मं अंतर म्हणजे उजेड चौथाई. पंचाहत्तर मेणबत्त्या, बस्स.

"म्हंजी ही आंधळीच की गं!" अण्णा म्हणाले. त्यांना पटलं, याचा मला केवढा अभिमान वाटला.

मामानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "फायलीला दोन कागद लागत्यात. छाप्याचं माप एकावर, मोजल्यालं दुसऱ्यावर. दोनीवर सही कर." मी केली. सुंदर अक्षरात केली, कारण बी.एस्सी. ना मी!

बत्त्या त्याच गेल्या. मला वाटलं, दुरुस्त करून गेल्या असतील. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

दोन महिन्यांत अण्णा परत आले. अंधुक उजेडात उसाचं बूड समजून हाणलेला कोयता डाव्या हातावर बसला होता. दोन बोटं गेली होती.

मी पेटले. सोसायटीची बैठक बोलवायला लावली आणि भरल्या माणसांत मामाला विचारलं, "ह्या बत्त्या कावून दिल्या?" मामानं फाईल उघडली आणि एकच कागद वर धरला. दोनशे सत्तर मेणबत्त्या, खाली माझी सही. "भाचीनंच लिवून दिलंय. आमी अडाणी माणसं, शिकल्याल्यावर इश्वास ठिवला." दुसरा कागद कुठाय म्हटलं, तर म्हणाला, "कंचा दुसरा?"

केसानं गळा कापला माझा. पण मी डगमगले नाही, कारण कागद धरणारा माणूस तिथंच बसला होता. मी म्हटलं, "अण्णा, सांगा ह्यांना. तुमीच धरलता न्हवं कागद?"

अण्णा उठले. बांधलेला हात छातीशी धरून त्यांनी आधी मामाकडं पाहिलं, मग जमिनीकडं. म्हणाले, "पोरगी हाय. गणित चुकलं आसंल तिचं. माफ करा."

सभेत कुणीतरी हसलं. मामा म्हणाला, "जाऊं द्या, लेकरू हाय." आणि पुढचा विषय घेतला.

घरी येताना अण्णा एकच वाक्य बोलले, "त्याच्याबिगर टोळीत आपल्याला कोन घेतंय?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मामाला मी त्याच दिवशी मनातून काढून टाकलं, ते सोपं गेलं. अण्णांचं मात्र जमलं नाही. त्यांना जाऊन आता कैक वर्षं झाली, तरी माफ करता आलेलं नाही. त्यांच्याच दोन बोटांसाठी मी भांडायला उभी राहिले होते, आणि त्यांनी मलाच खाली बसवलं.