तिसऱ्या लाइनीचे रूळ

दुकानात मिळणारे खेळण्यातले रूळ मुकादमांच्या डोळ्यांत खुपायचे. एकजात नवेकोरे, लखलखीत, खालचे लाकडी स्लीपर मापून मांडलेले. असली इंजिनशेड स्वर्गात असेल, असं ते दुकानदाराला सुनावायचे. खरंच होतं ते. शेडला नवा रूळ कोण देतो? मेन लाइनीवर झिजलेला हलका रूळ उचलायचा आणि शेडच्या गळ्यात मारायचा. स्लीपर तर राखेत नि तेलात बुडालेले. निवृत्तीनंतर मुकादमांनी टेबलाएवढ्या फळीवर आपली जुनी शेड उभी करायला घेतली ती याच हट्टानं. हुबेहूब, नाहीतर नकोच.

पण हुबेहूब म्हटलं की तिसरी लाइन आली, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

त्या लाइनीवर त्यांच्या थोरल्या भावाचं इंजिन उलटलं होतं. भाऊ ड्रायव्हर, तर हे स्वतः शेडचे रूळ सांभाळणाऱ्या टोळीचे मुकादम. चौकशीत वहिनी एकटीच सांगत राहिली, की ती लाइन खचते असं नवरा रोज घरी येऊन म्हणायचा. मुकादम म्हणाले, लाइन ठणठणीत होती. झालं! इंजिन वेगात घेतलं म्हणून दोष मेलेल्याच्या माथी गेला. मेलेला माणूस काय उलटून बोलणार? हळूहळू वहिनीलाही पटलं, की भावोजी खोटं बोलायचे नाहीत, म्हणजे नवराच आपल्याशी खोटं बोलत होता. त्या विश्वासावर ती इतकी वर्षं याच घरात राहिली, यांना वाढत राहिली. तो उडाला तर जगात आपलं कोणी उरणार नाही, हे मुकादमांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तिसऱ्या लाइनीला त्यांनी सरळ, चांगले रूळ घातले. पण येता-जाता नजर तिथंच अडखळायची. बाकी शेड खरी आणि तेवढा तुकडा सोंगाचा. शेवटी जित्याची खोड! एका दुपारी त्यांनी तो तुकडा उखडला, पातळ रूळ घेतला, डावी बाजू अंगठ्यानं दाबून खचवली, स्लीपरना कुजका रंग दिला, वर राख भुरभुरली. मग कुठं जिवाला बरं वाटलं. वहिनीला त्यातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणत ते हात धुवायला गेले.

परत आले तर वहिनी फळीपाशी उभी. तिनं छोटं इंजिन तिसऱ्या लाइनीवर ठेवून बोटानं हळूच ढकललं. ते डावीकडं कललं. तिनं सावरून मागं घेतलं, पुन्हा ढकललं. पुन्हा कललं. काम अजून अर्धवट आहे, तो रूळ बदलायचाय, असं काहीबाही मुकादम बरळले.

"भावोजी, बाकीची शेड अगदी होती तशीच केलीत ना?"

त्यांना खोटं बोलायचं होतं, पण हात नुसतेच फळीवरची राख झटकत राहिले.

"त्यांच्या फोटोकडं पाठ करून झोपत आले मी," वहिनी म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "इतकी वर्षं."

ते इंजिन हातात घेऊनच ती आपल्या खोलीत गेली, आणि आतून कडी लागली.