बुधाजीची गुडघागाडी

थळच्या बाजारातल्या रस्त्यावर बुधाजीचं केस कापायचं दुकान आहे. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीला टेकवलेलं बाकडं आणि पंखा, एवढाच पसारा. एकतीस वर्षं तो त्या खुर्चीभोवती उभ्याने फिरत आला. बोटींवरचे खलाशी, कारखान्यातले कामगार, शाळेतले मास्तर, कोणाच्या डोक्यावर कुठे भोवरा आहे हे त्याला न बघता सांगता यायचं.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी तो धक्क्यावर बोंबील आणायला गेला आणि शेवाळलेल्या पायरीवरून त्याचा डावा पाय सटकला. बोंबलांची पिशवी हातातच राहिली. पाऊल मात्र भलतीकडेच वळलं. अलिबागला फोटो काढला, तर दोन हाडं मोडलेली. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याखाली प्लास्टर घातलं आणि बजावलं, "सहा आठवडे हा पाय जमिनीला लावायचा नाही. जरासुद्धा नाही."

कुबड्या मिळाल्या. काखा सोलवटल्या, त्याचंही बुधाजीला एवढं वाटलं नाही. पण दोन्ही हात कुबड्यांत अडकले की कात्री धरायची कशाने? चौथ्या दिवशी त्याने हट्टाने दुकान उघडलं. कुबड्या भिंतीला लावल्या, खुर्चीच्या पाठीला पोट टेकवलं आणि एका पायावर उभं राहून एका मास्तरांचे केस कापायला घेतले. अर्धं डोकं होईपर्यंत मांडी लटलटायला लागली. शेवटी मास्तरांनीच उठून त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः टोपी घालून घरी गेले. बुधाजीने शटर ओढलं.

त्याची मुलगी हेमाली पनवेलच्या एका दवाखान्यात कामाला. शनिवारी ती आली ती एक अजब वस्तू घेऊन. चार छोटी चाकं, समोर सायकलसारखं हँडल, त्याला ब्रेक आणि जाळीची टोपली, आणि मधोमध जाड गादी.

"बाबा, मोडलेल्या पायाचा गुडघा या गादीवर टेकायचा आणि दुसऱ्या पायाने ढकलत जायचं. आमच्याकडे पेशंट वापरतात. भाड्याने आणलीय."

"पोरं खेळतात तसली गाडी मी चालवू? या वयात?"

"मग बसा घरात," त्याची बायको किशोरी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पण आठवडाभर तुमचं तोंड बघून मलाच भाकरी गिळवेनाशी झालीय."

त्याने अंगणात दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत तुळशीवर आपटता आपटता वाचला. दुसऱ्या फेरीत सरळ गेला, ब्रेक दाबून थांबला आणि नकळत हँडलवरचे दोन्ही हात सोडले. पडला नाही. आपले रिकामे पंजे तो बघतच राहिला.

दुकानाची पायरी आली आडवी, म्हणून किशोरीने शेजारच्या सुताराकडून फळी आणून उतार केला. तरी पहिला दिवस फजितीचाच गेला. हँडल खुर्चीच्या हाताला अडायचं. कापलेले केस चाकांत गुंतायचे, ते चिमट्याने काढावे लागायचे. मग त्याला युक्ती सापडली. खुर्ची कायम उजव्या हाताला ठेवायची, गाडी तिच्या कडेने लावायची, ब्रेकची खिट्टी अडकवायची आणि कंबरेतून वळायचं. फिरायचं तेही उजवी घालूनच.

धर्मा नाखवा दाढीला बसला होता. आरशातून बघत तो म्हणाला, "बुधाजी, तू तं मला प्रदक्षिणाच घालतंस रं! देव झालू का मी?"

"हलू नको देवा. हातात वस्तरा हाय."

"खिट्टी लावलीस ना?"

"लावली."

"परत एकदा बघ."

बाकड्यावरची माणसं खो खो हसली. त्या दिवसापासून त्या वस्तूला गावात गुडघागाडी हे नाव पडलं.

दुसऱ्या आठवड्यात कोळीवाड्यातून सखुबाई आली. तिचे सासरे अंबाजी अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. दर गुरुवारी बुधाजी घरी जाऊन त्यांची दाढी करायचा.

"आबांची दाढी पार वाढलीय," ती म्हणाली. "माझा मालक करायला गेला, तं त्याचा हात ढकलला. बुधाजी कुठं हाय, एवढंच विचारतात. तुम्हाला जमंल तसं या."

बुधाजीने सामान टोपलीत ठेवलं आणि दुपारी निघाला. काँक्रीटच्या गल्लीपर्यंत गाडी मजेत गेली. पुढे अंबाजींच्या दारापर्यंत मऊ वाळूची पुळण होती. तिथे चाकं रुतली. ढकलून बघितलं, अजूनच खाली गेली. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं, तोवर सखुबाईने बघितलं. ती आणि तिची जाऊ मासळी सुकवायच्या दोन फळ्या घेऊन आल्या. एक फळी पुढे टाकायची, गाडी तिच्यावर आली की मागची उचलून पुन्हा पुढे. पंचवीस-तीस हातांचं अंतर, पाव तास लागला. तिघंही घामाने निथळली.

अंबाजींनी गाडीकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं. त्यांचं बोलणं तुटक यायचं.

"पाय... मोडला?"

"व्हय आबा."

"आणि... आलंस?"

बुधाजीने टोपलीतून सामान काढलं. खाटेला लागून गाडी लावली, खिट्टी अडकवली, ब्रश भिजवून साबण फेसला आणि एका हाताने म्हाताऱ्याची हनुवटी वर धरली. अंबाजींनी डोळे मिटले. वस्तरा गालावरून सरसरत उतरला तशी बुधाजीच्या छातीतली कितीतरी दिवसांची घुसमट सुटत गेली. दाढी झाल्यावर अंबाजींनी चांगल्या हाताने आपला गाल दोनदा चाचपला आणि सुनेला म्हणाले, "चहा... दे त्याला. साखर... जास्त."

सहा आठवडे संपले. प्लास्टर निघालं, हाडं नीट जुळली होती. हेमाली गाडी परत घेऊन गेली. पण उभ्याने फिरल्याशिवाय केस कापता येत नाहीत, ही बुधाजीची जुनी समजूत मोडली होती. महाशिवरात्रीच्या आधी त्याने अलिबागहून चाकांचं उंच स्टूल आणलं. आता दुपारनंतर पाय दुखले की तो त्याच्यावर बसतो आणि पायाने हलकेच ढकलत खुर्चीभोवती फिरतो.

परवा बाकड्यावरून धर्माने विचारलं, "काय रं, म्हातारा झालंस?"

"न्हाय," बुधाजी कात्री चालवत म्हणाला. "आत्ता कुठं बसायला शिकलो."