नकाशात नसलेला ग्रह

"हितं उंच हाय," म्हणत मामा कँटीनच्या चहाच्या ग्लासाच्या काठावरून अंगठा फिरवायचे. रांजणगावच्या आमच्या कंपनीत सगळेच त्यांना मामा म्हणत; ते ग्राइंडिंगला, मी क्वालिटीला, जॉब पास-नापास करायला. केसाहून बारीक फरक मोजणारं माझं मायक्रोमीटर खोटं पाडणारा तेवढा एकच अंगठा मी पाहिला आणि खरं सांगतो, मला त्याचा भारी राग यायचा.

तारे बघायचा नाद, म्हणून कारेगावच्या खोलीत त्यांनी दुर्बिणीचा आरसाही हातानंच घासला. जाड काच पिंपावर ठेवायची आणि घासत घासत पिंपाभोवती फिरायचं. सहा महिने! त्यांच्या बायको, सुभद्रावहिनी म्हणायच्या, "येवढ्या परदक्षिणा देवाला घातल्या असत्या तर समोर हुबा ऱ्हायला असता."

एका दिवाळीत मामांनी कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. "नवा ग्रह घावला! पंधरा दिस बघतोय, सरकतोय. आन् नकाशात न्हाई." आम्हा कारखान्यातल्या माणसांना लगेच पटलं. ड्रॉइंगमध्ये नाही ते नवीनच असणार की! नावही ठरलं होतं, सुभद्रा. "माझ्यापायी लई सोसलं तिनं. येवढं तरी तिच्या नावाचं असू दे," म्हणाले.

माझं अक्षर बरं, म्हणून पुण्यातल्या एका जाणकार प्राध्यापकांना पत्र मीच लिहिलं. उत्तरही माझ्याच पत्त्यावर आलं. हा युरेनस. दोनशे वर्षांपूर्वीच सापडलेला. ग्रह जागा बदलत राहतात, म्हणून ताऱ्यांच्या नकाशात ते छापतच नाहीत.

पत्र दोन दिवस माझ्या खिशात होतं. पेढे खाऊन बसलेला मी, कुठल्या तोंडानं सांगणार हो? शेवटी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि वाचून दाखवलं.

मामांनी दुर्बिणीच्या काठावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी माझा आरसा खोटा न्हाई?"

"अजिबात नाही."

"मग जॉब पास." हसले, पण लगेच आवाज उतरला. "पर हिला काय सांगू?"

वहिनी आत भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्येला आदीच नाव हाय व्हय? असंना का. बाईला न्हाईत का दोन नावं, म्हायेरचं येक आन् सासरचं येक? आपल्या घरात त्यो सुभद्रा."

मामा असे खुलले की लगेच पेढे घेऊन आले आणि मला ते पुन्हा खावे लागले.

रिटायर होऊन ते गावी, निमोण्याला गेले. तिथंच वारले. पुढच्या वर्षी मी वहिनींना भेटायला गेलो, तर त्यांनी अंगणात दुर्बीण मांडली, नकाशाबिकाशा न बघता नळी फिरवली आणि मला बोलावलं. बारीकसा हिरवट ठिपका दिसला. मी डोळा लावूनच उभा राहिलो.

"काय भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "घावले का मी?"