खड्ड्यांतली गवार

दापोड्याहून राहनाळला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसायची. गोडाऊनची ड्युटी संपवून आलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत भाजी. तेव्हा त्या रस्त्याला असे खड्डे होते की एकेका खड्ड्यातून वर येईपर्यंत माणसाची दाढी वाढायची. तेवढ्यात ही किलोभर गवार मोडून मोकळी! घरी गेलं की गवार, मूगडाळ, तांदूळ एकाच कुकरात, वर हळद आणि थेंबभर तेल. कुकर उतरला की बाई कबड्डीच्या मैदानावर. आधी स्वयंपाक, मग कबड्डी, ही सासूची अट.

"पलायचा तं पोट हलका पायजे, दादा," ती म्हणायची, "न् बाईला पलायचा तं चूलपन हलकी पायजे."

तालुक्याच्या संघाची चाचणी होती, नेमका त्याच दिवशी रस्ता गुळगुळीत झालेला! रिक्षावाला खुशीत ओरडला, "आज पाच मिनिटांत राहनाळ!"

"मेल्या, मंग माझी गवार कोन मोरील? तुझा बापूस?"

घाई सगळ्यांनाच होती. तरी कोपऱ्यातले शेठ, ज्यांनी जन्मात स्वतःचं केळंही सोललं नसेल, हात पुढे करून म्हणाले, "द्या एक मूठ. आणि तू रे, गाडी हळू घे." मग सगळ्यांनीच मूठमूठ घेतली. रिक्षा इतकी हळू चालली की एक म्हैस आम्हाला ओव्हरटेक करून गेली. राहनाळ आलं, शेवटची शेंग मोडली आणि ती पिशवी घेऊन धूम पळाली.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधून लंगडत आली. "मना संघान घेतली!" म्हणाली, आणि काही न विचारता शेठच्या मांडीवर मेथीची जुडी ठेवली.