साडूभाऊंची खिंड

जगात दिशा चार आहेत हे आमच्या साडूभाऊंना मान्य आहे. पण कुठली दिशा कुठे असते, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. मूळचे नागपूरचे, आता इकडे परदेशात, मिल्टनला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि तेही मला साडूभाऊच म्हणतात, त्यामुळे आमच्या दोन्ही घरांत फोन वाजला आणि पलीकडून "साडूभाऊ बोलतोय" असं कुणी म्हटलं, तर कोण बोलतंय हे सोडून बाकी सगळं कळतं. मिल्टनची नवी वस्ती अशी, की प्रत्येक घराला तेच गॅरेज, तोच दरवाजा आणि दारात तेच सुकलेलं झाड. एका हिवाळ्यात साडूभाऊंनी भल्या सकाळी ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने काढलं, कडेचं बर्फ फळीने ठोकून सरळ केलं, मीठ टाकलं आणि घरात शिरायला गेले तर किल्ली लागेना. शेजारच्या बाईंनी दार उघडून त्यांना मिठीच मारली. साडूभाऊंनी ती मिठी शांतपणे स्वीकारली, घरी आले आणि ताईंना म्हणाले, "एक्सरसाइज झाला ना, मग काय बिघडलं?"

कारण साडूभाऊंची प्रत्येक हालचाल ही घाट चढायची तयारी असते. बालपण गेलं सपाट नागपुरात आणि पोटापाण्याचा उद्योग गेला कॉम्प्युटरपुढे. त्यामुळे डोंगराचं वेड उशिरा लागलं आणि उशिरा लागलेल्या वेडाला उतार नसतो. गाडीला विंटर टायर लावायला ताईंना महिनाभर मागे लागावं लागतं, पण सायकलची चेन रविवारी सकाळी पूजेआधी पुसली जाते. गावाबाहेर जो कडा आहे त्यावर ते आठवड्यातून तीनदा चढतात आणि वर पोचल्यावर मला फोन करून धापा ऐकवतात. मी त्या धापांना "वा वा" म्हणतो, कारण दुसरं काय म्हणायचं हे मला अजून उमगलेलं नाही. मी स्वतः सायकल चालवतो ती ट्रेनच्या स्टेशनपर्यंत, आणि तीही पार्किंग मिळत नाही म्हणून.

त्यांचं ध्यान लागलेलं असतं ते उत्तर इटलीतल्या डोंगरांकडे. खुद्द आल्प्स नव्हे; आल्प्सच्या अलीकडे, मैदानातून वर चढताना जे धाकटे डोंगर लागतात, ते. "मोठ्या देवाला रांग असते, साडूभाऊ," ते म्हणतात. "धाकट्या देवळात जावं. देव तोच आणि गर्दी नाही." त्या डोंगरांतली एक खिंड त्यांना ओलांडायची होती. ओलांडणे म्हणजे काय याबद्दल त्यांचा कायदा कडक आहे. एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. वर जाऊन त्याच वाटेने परत आलात तर तुम्ही फक्त गच्चीवर जाऊन आलात. दोनदा ते एकटे गेले होते. पहिल्या वेळी पाऊस लागला, दुसऱ्या वेळी ते एक डोंगर व्यवस्थित चढले, फक्त तो दुसराच निघाला. आणि या उन्हाळ्याआधी डॉक्टरांनी सांगून टाकलं की गुडघा बदलावा लागेल, फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, ऑपरेशन, आणि त्यानंतर घाटबिट विसरा. म्हणजे ही शेवटची संधी. ताईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बरोबर असलात की मला घोर नाही." माझ्याबद्दल इतका गैरसमज कुणी इतक्या प्रेमाने करून घेतलेला मी पाहिला नव्हता. मी हो म्हटलं.

ठरलं ते असं. खिंडीच्या दक्षिणेच्या गावातून आम्ही दोघं सायकलने चढणार, माथ्यावरच्या छोट्या विश्रामगृहात मुक्काम करणार आणि सकाळी उत्तरेच्या गावात उतरणार. ताई आणि माझी बायको बसने वळसा घालून आधीच तिथे जाऊन बसणार. साडूभाऊंची सायकल मिल्टनहून खोक्यात आलेली, माझी तिथेच भाड्याने घेतलेली. चढ आम्ही चढलो. म्हणजे साडूभाऊ गुडघा धरून चढले, आणि मी बराचसा सायकल ढकलत त्यांच्यामागे गेलो. माझ्या मोबाइलमध्ये नकाशा होता, पण मी तो उघडला की त्यांचा चेहरा पडायचा. "दिशा अंगात पाहिजे, साडूभाऊ. मशीनला काय कळते?" वर पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. साडूभाऊंनी त्याला नमस्कार केला, पश्चिम नक्की केली आणि खोलीत शिरल्या शिरल्या पलंग ओढायला लागले. कारण दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही. मिल्टन असो की इटली, यमाची दिशा बदलत नाही. माझाही पलंग फिरवला. मालकीणबाई आवाज ऐकून वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, फिरवलेले पलंग बघितले आणि गेल्या. "आता सकाळी उठलं की पायांपुढे उत्तर," साडूभाऊ म्हणाले. "कंपास कशाला लागते?"

सकाळी बाहेर इतकं धुकं होतं की अंगणातली सायकल दिसेना. आम्ही खाली नाश्ता करत होतो तेवढ्यात मालकीणबाईंनी वर जाऊन दोन्ही पलंग होते तसे लावून ठेवले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. साडूभाऊ बॅग आणायला वर गेले, पलंगाच्या उशापाशी उभे राहिले, हात सरळ पुढे केला आणि म्हणाले, "खिडकीकडे उत्तर. खिडकीकडचा रस्ता धरायचा." रात्री माझे पाय दाराकडे होते अशी मला पुसट शंका आली. पण झोपेत माणूस कुठे कसा वळतो हे कोण सांगणार? मी बॅग पाठीला लावली आणि त्यांच्यामागे धुक्यात उतरायला लागलो.

खाली आलो तर धुकं विरलं आणि एक गाव लागलं. साडूभाऊ हरखून गेले. चर्चसमोरच्या चौकात सायकल टेकवून त्यांनी दोन्ही हात पसरले. "पाहून राहिले का साडूभाऊ? हवाच वेगळी! खिंड ओलांडली की माणसंसुद्धा बदलतात." मला चर्च ओळखीचं वाटत होतं. कारंजंही वाटत होतं. एक तांबडं कुत्रं शेपूट हलवत थेट माझ्याकडे आलं. पण मिल्टनला राहून सगळी घरं सारखीच असतात याची मला इतकी सवय झालेली, की इटलीतही वस्त्या अशाच साच्यातून पाडत असतील असं मी मनाशी म्हटलं. कॉफीच्या दुकानातल्या बाईंनी आम्हाला बघून काही न विचारता दोन बिनदुधाच्या कॉफ्या आणि साडूभाऊंसाठी साखर घातलेली बडीशेपेची बिस्किटं आणून ठेवली. "बघा," साडूभाऊ म्हणाले, "आपल्याला काय लागते हे न सांगता ओळखलं. त्या बाजूला असं नव्हतं." मग त्यांनी ताईंना फोन लावला.

"पोचलो!"

"अगं बाई, इतक्या लवकर? कुठे आहात?"

"चौकात. चर्चच्या समोर."

"आम्हीपण चर्चच्या समोरच बसलोय."

"कारंजं आहे ना तिथं?"

"आहे की. कारंज्याशेजारी कॉफी पीत बसलोय."

साडूभाऊ उठले. दुकानात डोकावून आले, वॉशरूमचं दारसुद्धा ठोठावून आले. "मग तू दिसून का नाही राहिली?"

"अहो, मी हात हलवतेय! दोघी हलवतोय!"

आम्हीही हात हलवले. दुकानातल्या बाईंनीही हलवला. शेवटी ताई म्हणाल्या, "गावाचं नाव वाचा बघू." समोर बसच्या थांब्यावर पाटी होती. साडूभाऊंनी ती मोठ्याने वाचली. आदल्याच दिवशी ताईंनी आम्हाला याच, दक्षिणेच्या, गावातून निरोप दिला होता.

साडूभाऊ खाली बसले. पँट वर करून गुडघा बघितला. तो चांगलाच सुजला होता. त्यांची फजिती मी इतकी वर्षं पाहत आलो, पण त्या फजितीत ते कधी एकटे पडलेले दिसले नव्हते, तेव्हा दिसले. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी येऊ." ते म्हणाले, "पुढचं वर्ष नाही ना, साडूभाऊ." थोड्या वेळाने त्यांनी आपल्या सायकलची सीट खाली केली, माझ्या उंचीला जुळेल इतकी, आणि हँडल माझ्या हातात दिलं. "मी बसने येतो. तुम्ही हिला घेऊन जा. ही तरी ओलांडेल." ज्या माणसाने मला कधी त्या सायकलच्या घंटीला हात लावू दिला नाही, त्याने असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

मी पुन्हा चढलो. किती चाललो आणि किती चालवली ते विचारू नका. माथ्यावरून मालकीणबाईंनी बोट दाखवलं त्या बाजूला उतरायला लागलो, आणि खरं सांगतो, त्या उतारावर मी ब्रेक, पुढचं चाक आणि रस्त्यावरची पांढरी रेघ याखेरीज काहीही पाहिलं नाही. जीव मुठीत धरून देवाचं नाव घेत होतो. गाव यायच्या आधीच्या वळणावर साडूभाऊ उभे होते. बस थांब्यापासून त्या गुडघ्याने चालत आले होते. आधी त्यांनी सायकलच्या दांडीवर हात ठेवला. मग विचारलं, "कसं होतं?"

"भारी होतं."

"असं नाही. वळणावळणाने सांगा."

तेव्हा मी सांगायला लागलो. एक ओढा सांगितला, दगडी पूल सांगितला, कपडे वाळत घालणारी एक बाई सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते.

ऑपरेशन छान झालं. आता बेसमेंटमध्ये ती सायकल एका स्टँडवर घट्ट बसवली आहे. फिजिओवाल्या मुलीने रोज हळूहळू पायडल मारायला सांगितलंय. बाहेर बर्फ पडत असतं, वरून ताईंच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, आणि मी शेजारी खुर्ची टाकून त्यांना तो उतार सांगतो. दर वेळी त्यात थोडी भर पडते. मी काय पाहिलं आणि काय नाही, हे आता माझं मलाच कळेनासं झालंय. गेल्या रविवारी मी सांगत होतो, की मग रस्त्यात बकऱ्या आल्या, आणि त्यानंतर पूल लागला. साडूभाऊंनी पायडल थांबवलं.

"नाही हो, साडूभाऊ. आधी पूल. बकऱ्या पुलानंतर."

"हो," मी म्हटलं. "पुलानंतर."

त्यांनी मान डोलावली, आणि पायडल मारत तो उतार पुन्हा सावकाश उतरायला लागले.