आण्णांच्या खोलीखालचं शेत

गेली बावीस वर्षं मी शाळेत काळी माती शिकवतो. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की भेगाळते, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकतो. आमच्या नव्या खोलीच्या जमिनीखाली मी तीच भरली.

माझे वडील, आण्णा, सोनपेठजवळच्या गावी एकटे राहायचे. खुब्याचं हाड मोडलं आणि अंगणापलीकडचा संडास त्यांना परमुलूख झाला. म्हणून पाथरीच्या आमच्या घराला मी त्यांच्यासाठी खोली वाढवायला काढली, संडास आतच. पण आण्णांचं एकच पालुपद, “शेत सोडून मी येणार न्हाई!” पुन्हा पडले तर उचलणार कोण, ही काळजी मला सोडत नव्हती.

जोत्यात भर टाकायची वेळ आली आणि मला ती थोर कल्पना सुचली. शेतच आणू! आण्णांच्या पायाखाली त्यांचीच माती!

“सर, मुरूम टाका,” मिस्त्री म्हणाले. “काळी माती लय वंगाळ. फुगती.”

“मिस्त्री, मला माती शिकवू नका!” (हे मी खरंच म्हणालो. बायको साक्षीला होती.)

शेतात टिप्पर भरताना आण्णा काठी टेकत बांधावर आले. एक ढेकूळ हातात चुरलं, बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, “येतो.” माझा ऊर भरून आला.

वर सिमेंटचा कोबा झाला, आण्णा राहायला आले आणि आषाढात झड लागली. तिसऱ्या दिवशी कोब्याला मधोमध पोट आलं. पाचव्या दिवशी दार खाली घासून घट्ट बसलं. आण्णा आत!

“आण्णा, ओढा जोरात!”

“खुब्यानं ओढू का?”

चहा बशीत ओतून खिडकीच्या गजांतून आत दिला. मिस्त्री सुताराला घेऊन आले, त्यानं दार खालून चार बोटं कापलं. मिस्त्री मला मुरुमाचा भाव तेवढा सांगून गेले. तेच जास्त लागलं.

कोबा फोडला, माती अंगणात काढली, मुरूम भरून धुमसानं ठोकून घट्ट केला. आता आण्णा परत जाणार, या धास्तीनं मी चोरासारखं सांगितलं, “आण्णा, खाली आता मुरूम आहे.”

“मुरूमच पाहिजे. ही माती फुगती, मला ठाऊक व्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“माझ्यासाठी दोन टिप्पर शेत उचलून न्यायला निघालास. तुला नको कसं म्हणू?”

मला तोंड फिरवून उभं राहावं लागलं.

आण्णा राहिले. अंगणातल्या त्या मातीत त्यांनी मेथी टाकली आहे. ते खुर्चीत बसतात, मी पाणी घालतो. काल म्हणाले, “आरं, बस कर! किती पाणी घालायलायस? ह्या मातीला...”

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको ओरडली, “आण्णा, त्यांना माती शिकवू नका हं!”